सातबारा म्हणजे मालकी नव्हे

सातबाऱ्यावर विकणाराचें नांव आहे, मग आणखी काय पाहावयाचें, असा प्रश्न शहाणेसुरते व्यापारीहि करितात. सुपारीचें पोतें घेतांना मूठभर माल पारखून पाहणारा गृहस्थ जमिनीपायीं जन्माची पुंजी दलालाच्या शब्दावर मोकळी करितो, याचें आम्हांस नवल वाटतें. सातबारा हा मूळचा साऱ्याच्या वसुलीचा कागद. त्यांतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरावी, एवढेंच महसूल कायदा म्हणतो. तिनें मालकी उत्पन्न होत नाहीं. 1908 च्या कायद्यान्वयें निबंधक दस्त नोंदतो, पण विकणाराच्या हक्काची हमी देत नाहीं. म्हणूनच तीस वर्षांचे फेरफार व कचेरींतील सूची वकिलाकडून तपासून घेण्याची वहिवाट पडली आहे. (वकिलाची फी वांचविणारे पुढें कोर्टांत तिच्या कितीपट भरतात, हें आम्ही वकिलानें सांगणें बरें दिसत नाहीं.) नुसत्या मुखत्यारपत्रानें मालकी जात नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं स्पष्ट केलें. शेतजमीन तर 1948 च्या कुळकायद्यामुळें शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून सहसा घेतांच येत नाहीं.

सदनिकेची गोष्ट थोडी बरी. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानें, नोंदलेल्या कराराशिवाय किंमतीच्या दशांशाहून अधिक रक्कम घेण्यास बांधकामवाल्यास मनाई केली. नोंदलेल्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे, मुदत व कज्जे महारेराच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येतात. तरी रंगीत चित्र पाहून बयाणा देणारांची रीघ आहे. त्याच चित्राखालीं कायद्यानें छापावयास लाविलेला नोंदणी क्रमांक मात्र कोणी वाचीत नाहीं.