चालकाला शिव्या, मालकाला मुजरा

चित्रपटावरून निघालेल्या कादंबऱ्या वाचून जी माणसे रडतात, त्यांना हसू नये, हे सांगण्यासाठी मी आज लेखणी उचलली आहे. हसणाऱ्यांत एके काळी मी स्वतःच होतो, तेव्हा हे सांगण्याचा मला थोडासा अधिकार आहे. परंतु तीच माणसे डोळे पुसून लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या धाडू लागली, तर मी त्यांच्या बाजूला उभा राहणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकापायी घडल्या. म्हणून आधी त्या पुस्तकाची हकीकत.

२००१ सालची दिवाळी. धाकट्या बहिणीचा मुलगा नंदू सुटीला आमच्याकडे दादरला आला होता. वय वर्षे चौदा. फ्लोरा फाउंटनजवळच्या फूटपाथवरून त्याने घासाघीस करून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे सारे घर उटणे लावून तयार, आणि हा पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून अंथरुणात पडलेला. ताप पाहिला, तर अंग थंडगार. खोदून खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, चुबाका मेला."

सिनेमात पाहिलेला तो केसाळ धिप्पाड प्राणी मला आठवला आणि मी खो खो हसलो. "अरे, एक अस्वल मेले म्हणून दिवाळीच्या दिवशी रडतोस?"

"तो अस्वल नाही, मामा," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. त्या दिवशी त्याने करंजीलासुद्धा हात लावला नाही.

नंदू परत गेला, पण पुस्तक आमच्याकडेच विसरला. किंवा मुद्दाम ठेवून गेला. मी ते वाचले. पुस्तकाचे नाव 'व्हेक्टर प्राइम', लेखक आर. ए. साल्व्हाटोर, प्रकाशनाचे साल १९९९. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातल्या पात्रांची कथा पडद्यावरून उतरून कादंबऱ्यांत पुढे चालू राहिली. १९९१ साली टिमथी झानच्या कादंबरीने त्या प्रवाहाला मोठा जोर आला. पडद्यावरचे तरुण नायक पुस्तकांत संसारी झाले, त्यांना मुले झाली, ती मुले मोठी झाली. वाचकही त्यांच्याबरोबर वाढले. अशा घरोब्यात 'व्हेक्टर प्राइम'ने पहिला मृत्यू आणला. एकोणीस कादंबऱ्यांच्या नव्या मालिकेतले ते पहिले पुस्तक.

आकाशगंगेबाहेरून आलेले शत्रू एका ग्रहावर त्याचाच चंद्र ओढून पाडतात. लोकांना वाचवण्याची धावपळ चालू असते. हान सोलोचा धाकटा मुलगा अनाकिन खाली अडकतो. चुबाका हा हानचा जन्माचा सोबती. त्याला माणसाची भाषा बोलता येत नाही, तो फक्त गुरगुरतो. तो पोराला यानात पोहोचवतो आणि स्वतः मागे राहतो. यान वर न्यावे तर चुबाका जातो, थांबावे तर सगळेच जातात. सुकाणू त्या पोराच्या हाती असते. तो यान वर नेतो. पुढे दुःखाने वेडापिसा झालेला बाप त्या पोरालाच बोल लावतो. तो प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. नंदूपुढे मी हसलो होतो, याची मला शरम वाटली.

आता आमचे रसिकाग्रणी म्हणतील, हा सगळा बाजाराचा मामला आहे. पात्रे भाड्याची, लेखक भाड्याचा, मग अश्रू तेवढे खरे कसे? त्यांना माझा साधा प्रश्न आहे. वाचकाने पंचवीस-तीस पुस्तके ज्या सोबत्याबरोबर काढली, त्याच्या जाण्याने गलबलायचे नाही, तर कशाने? लेखकाला मानधन कोणत्या करारान्वये मिळाले, हे पाहून काही डोळ्यांत पाणी येत नसते. माझ्या लहानपणी बीजगणिताच्या वहीखाली मी बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार लपवीत असे. वडिलांनी तो एकदा ओढून काढला आणि "हे वाङ्मय नव्हे" म्हणून माळ्यावर फेकला. मी तो रात्री स्टुलावर चढून काढला. वाङ्मयाची व्याख्या वडिलांकडे राहिली आणि वाचनाची गोडी माझ्याकडे. वडिलांचे हे शस्त्र मी पुढे माझ्या भाच्यावर चालवले, हीच माझ्या तक्रारीतली पहिली तक्रार. आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

परंतु आता वाचकांकडे वळू. हे पुस्तक निघाल्यावर साल्व्हाटोरवर संतापाचा वर्षाव झाला. काहींना तो शेवट वीराला साजेसा वाटला, हेही खरे. पण कित्येकांनी त्याला द्वेषाची पत्रे लिहिली, धमक्यादेखील दिल्या. आणि वस्तुस्थिती काय होती? चुबाकाला मारण्याची कल्पना त्याची नव्हतीच. प्रमुख पात्रांना काही होतच नाही अशी सवय लागली की धोका खोटा वाटू लागतो. म्हणून एखाद्या लाडक्या पात्राचा बळी द्यायचा, हे मालिकेची आखणी करणाऱ्या मंडळींनी ठरवले होते. ल्यूक स्कायवॉकरचे नाव पुढे आले, तर त्याला जॉर्ज लुकसने मनाई केली. फासा फिरला आणि चुबाकावर आला. साल्व्हाटोरच्या वाट्याला आला तो ठरलेला मृत्यू लिहिण्याचा भाग, आणि तो त्याने जीव ओतून लिहिला.

म्हणजे कादंबरीत जे घडले, तेच कादंबरीबाहेर घडले! हान सोलोने सुकाणू धरणाऱ्या पोराला दोष दिला. वाचकांनी लेखणी धरणाऱ्या लेखकाला. चंद्र पाडला दुसऱ्यांनीच. हानच्या त्या अन्यायाने ज्यांचे काळीज हलले, त्यांतल्याच कित्येकांनी पुस्तक खाली ठेवले आणि तोच अन्याय स्वतः केला. याला वाचन कसे म्हणावे?

कोणी मला कॉनन डॉइलची आठवण करून देईल. त्याने १८९३ साली 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटले, तेव्हाही वाचक खवळले होते आणि त्यांनी लेखकालाच पत्रे लिहिली होती. बरोबर आहे. पण तिथे होम्सचा जन्मदाता आणि मारेकरी एकच होता. त्याला जाब विचारला, तर तो देणे त्याच्या हातात होते. आणि १९०३ साली त्याने होम्सला परत आणलेही. साल्व्हाटोरच्या हातात काय होते? गाडी दुसऱ्याची, रस्ता दुसऱ्याने आखलेला; हा बिचारा चालक. आपण मात्र चालकाला शिव्या देतो आणि मालकाच्या पुढल्या खेळाचे तिकीट काढायला रांगेत उभे राहतो.

मालकाने वाचकांच्या त्या अश्रूंचे पुढे काय केले, तेही ऐका. २०१२ साली लुकसची कंपनी डिस्नेने विकत घेतली. २०१४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले की, या साऱ्या जुन्या कादंबऱ्या यापुढे 'लेजंड्स' म्हणजे दंतकथा या नावाखाली विकल्या जातील. नवे चित्रपट त्यांना बांधलेले नसतील. २०१५ च्या चित्रपटात चुबाका धडधाकट हजर! एका पत्रकाने त्याचा मृत्यू रद्द झाला. नव्या चित्रपटांना मोकळे रान हवे, हे मी समजू शकतो. आणि पुस्तके बंद केली नाहीत, हेही मान्य करतो. परंतु कथा रद्द करता आली, तरी त्या पहाटे भिंतीकडे तोंड करून पडलेला चौदा वर्षांचा मुलगा कोणत्या पत्रकाने रद्द होणार? वाचून झालेली कथा मालकाच्या हातून निसटलेली असते. तिचा हक्क त्याच्याकडे राहील, तिची आठवण नाही.

पण आठवणीवर हक्क सांगायचा, तर त्याबरोबर जबाबदारीही घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, हे काही वाचकांनी दाखवून दिले आहे. ॲलन डीन फॉस्टर हा या मालिकेचा पहिला कादंबरीकार. मूळ चित्रपटाची कादंबरी त्याने लिहिली, ती छापली गेली लुकसच्या नावावर. १९७८ सालची पुढली कादंबरी मात्र त्याच्या स्वतःच्या नावाने आली. २०२० साली या वृद्ध लेखकाने जाहीर सांगितले की, हक्क नव्या मालकाकडे गेल्यापासून आपल्याला स्वामित्वधन मिळालेले नाही. अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि वाचकांनीही मालकाचे नाव घेऊन "पैसे द्या" असा पुकारा केला. या वेळी राग जिथे जायला हवा, तिथे गेला.

वाचकहो, राग जरूर करा. पुस्तक आवडले नाही तर तसे खणखणीत सांगा. लेखकाचे वाक्य फसले असेल तर त्याचा कानही धरा. फक्त कान धरण्यापूर्वी, चंद्र कोणी पाडला, एवढे विचारून घ्या.

नंदू आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. गेल्या दिवाळीत तो आपल्या मुलीला घेऊन भाऊबीजेला आमच्याकडे आला होता. मी ते जुने पुस्तक कपाटातून काढून त्याच्या हातात ठेवले आणि म्हणालो, "नंदू, तो अस्वल नव्हता."

त्याने पुस्तक चाळले, हसला आणि म्हणाला, "मामा, चोवीस वर्षं लागली तुम्हाला!"

मग त्याने समोरच्या ताटातली करंजी उचलली.