संगणकाचा नवा पडदा : बदलावा, पण एकेक करून

संगणकाच्या पडद्यावरील एखादी खिडकी धरून तुम्ही इकडून तिकडे सरकवता, तेव्हा आत केवढी धावपळ होते याची कल्पना आहे काय? आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असलेला पडदा घ्या. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट आणि सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे दर सेकंदाला स्मृतीतून सुमारे ५० कोटी बाइट काढावे लागतात! हा कारभार पाहणारी आज्ञावली निराळीच असते. माझ्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर गेल्या पंधरवड्यात मी ती बदलली. जुन्या ‘एक्स’च्या जागी ‘वेलँड’ आणली. शाळांनीही हा बदल करावा असे माझे मत झाले आहे. मात्र सर्व संगणकांवर एकाच दिवशी नव्हे.

एक्सचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत झाला. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी तेथे चाललेल्या ‘अथेना’ प्रकल्पाला तिची गरज होती. आधीच्या आज्ञावलीचे नाव ‘डब्ल्यू’, म्हणून हिचे ‘एक्स’! १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि पुढे तीच चालत राहिली. एका यंत्रावर चालणारे काम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखवणे हे तिचे मोठे वैशिष्ट्य. चाळीस वर्षे टिकलेल्या या कामाला नावे ठेवणे मला पसंत नाही.

पण काळ बदलला. आज खिडक्या एकत्र जुळवून चित्र तयार करण्याचे काम दुसरीच आज्ञावली करते, आणि एक्स केवळ मधल्या निरोप्यासारखी उरते. २००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँडचे काम सुरू केले ते हा निरोप्या काढून टाकण्यासाठी. जी आज्ञावली चित्र जुळवते, तीच ते पडद्यावर पाठवते. त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पडदा वरून खाली रंगवला जात असता मध्येच चित्र बदलले, तर वरचा भाग जुना व खालचा नवा असे फाटके दृश्य दिसते. वेलँडमध्ये पुरे झालेले चित्रच पुढे येते. नाटकात पडदा पाडून मगच देखावा बदलतात ना, तसे. माझ्या संगणकावर चलच्चित्र पाहताना दिसणारी ती आडवी चीर नाहीशी झाली. पाठ्यांशांची अक्षरे एका पडद्यावर बारीक व प्रोजेक्टरवर अवाढव्य, हा वर्गातला त्रासही कमी व्हावा, कारण येथे प्रत्येक पडद्याचे प्रमाण वेगळे ठेवता येते.

माझ्या मते याहूनही महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. एक्समध्ये कोणतीही आज्ञावली दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा ऐकू शकते. तुम्ही परवलीचा शब्द लिहीत आहात आणि शेजारच्या खिडकीतला खेळ तो टिपून घेत आहे, असे घडू शकते. वेलँडने ही वाट बंद केली.

मग तक्रार कसली? जे कुलूप चोराला अडवते, ते घरच्या माणसालाही अडवते. माझी एक छोटी आज्ञावली, जी एक कळ दाबताच पडद्याचे चित्र घेत असे, ती मुकाट बसली. दुसऱ्यास पडदा दाखवायचा तर आता परवानगी विचारली जाते; ते योग्यच. परंतु दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला इतर खिडक्यांत काय आहे व कोणती कळ दाबली ते कळावेच लागते. तिच्यासाठी वेगळी, रीतसर वाट हवी. ती आपल्या संगणकावर नीट चालते की नाही हे त्या विद्यार्थ्यानेच वापरून सांगितले पाहिजे, शिक्षकांनी लांबून पाहून नव्हे.

जाणत्यांनाही हा बदल एका दमात जमला नाही. उबुंटूने २०१७ साली वेलँड स्वीकारली, २०१८ साली पाऊल मागे घेतले आणि २०२१ साली पुन्हा पुढे टाकले. मागे येण्याच्या कारणांत पडदा दुसऱ्यास दाखवण्याची अडचण हेही एक होते. तेव्हा कोणी घाई केली नाही म्हणून त्याला मागासलेला म्हणू नये. उलट, २०२५ पासून काही प्रमुख लिनक्स वितरणांनी एक्सचा पर्यायच काढून टाकण्यास सुरुवात केली आहे, म्हणून नुसते थांबून राहण्यातही अर्थ नाही.

शिक्षकांनी प्रयोगशाळेतील एकच संगणक निवडावा. अनेक ठिकाणी प्रवेशाच्या पडद्यावर दातेरी चाकाचे चिन्ह असते. दोन्ही पर्याय उपलब्ध असतील तर ते तेथे दिसतील. वेलँड निवडून आठवडाभर प्रोजेक्टर, छपाई, मराठी कळफलक आणि वाचून दाखवणारी आज्ञावली तपासावी. काय अडले ते तारखेसह वहीत लिहावे, आणि ही वही नववीच्या मुलांकडे सोपवावी. बारीकसारीक दोष त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.