काळ्या मातीतले मोठे चाक

थ्रेड : जुन्या जीपला कंपनीच्या चाकांहून मोठी चाके बसवून घेण्याची हौस आज नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरही दिसते. तिला परदेशी नक्कल म्हणून हिणवले जाते. इतिहासाच्या अंगाने हा आक्षेप पोकळ आहे. गाडीसाठी चाक घडवून घेणे ही मराठवाड्याची जुनी विद्या आहे. हरवला आहे तो तिच्यामागचा हिशेब.

बैलगाडीचे लाकडी चाक माणसाच्या छातीपर्यंत येई, ते शोभेसाठी नव्हे. गोदावरी-मांजरा खोऱ्यांतली काळी माती पावसाळ्यात चिकट चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्या खाचेत लहान चाक अडकते, तीच खाच मोठे चाक सहज ओलांडते. त्यातच आसाची उंची जुवाशी जुळावी लागे. ती चुकली की भार बैलांच्या मानेवर. म्हणजे व्यास ठरवणारे तिघे : माती, ओझे आणि बैल. गाडीवानाची आवड त्यानंतर.

चाक सुताराचे, पण त्याची परीक्षा लोहाराच्या दारात. बाभळीचा तुंबा, आरे आणि घेराचे वक्र तुकडे जुळवून सुतार चाक उभे करी. लोखंडी धाव मात्र चाकाच्या घेराहून मुद्दाम किंचित लहान केलेली असे. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईतो तापवायची, प्रसरण पावताच सांडशांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेटण्याआधी वर पाणी ओतायचे. थंड होताना धाव आकसे आणि सगळे सांधे आवळले जात. धाव फार लहान झाली तर आऱ्यांवर नको तितका ताण, मोठी झाली तर चाक खिळखिळे. हे माप सांगणारा ग्रंथ गावात नव्हता, आणि बलुतेदाराच्या हातातले असल्यामुळेच बहुधा ते आपल्या इतिहासलेखनातही फारसे आले नाही.

आले ते रेल्वेचे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली, हे सारे सांगतात. त्या स्थानकापर्यंत माल आणणारी चाके कोणाच्या भट्टीत तयार झाली, हे कोणी विचारत नाही.

पुढे हवेचे रबरी टायर बैलगाडीलाही लागले. चांगल्या रस्त्यावर ओढ हलकी झाली, सडकेवर धावेच्या चाकोऱ्या पडणे थांबले. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण ओढ हलकी होताच ओझे वाढले. उसाने शीगोशीग भरलेली टायरगाडी उतारावर बैलांना कशी रेटते, ते कारखान्याच्या वाटेवर पाहावे.

आता जीपकडे. रिम मोठी करताना टायरची भिंत तितकीच कमी केली नाही, तर चाकाचा एकूण व्यास वाढतो. मग वेगमापक खऱ्याहून कमी वेग दाखवतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. भिंत फार पातळ केली, तर खड्ड्यात धक्का थेट रिमवर. सुताराचे तेच तीन प्रश्न इथेही आहेत, फक्त बैलाच्या जागी इंजिन, सस्पेन्शन आणि ब्रेक आले.

कायदाही मधे उभा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. बैलगाडीला मूळ उत्पादकच नव्हता. चाक मोडले, की जबाबदार सुतार-लोहार त्याच गावात राहत, आणि सुगीला आपले बलुते मागायला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर येत.