छताला ओल आली : खर्च किती आणि तो कुणाच्या खिशातून?

डोंबिवलीतल्या आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या छताला ओल आली. आधी बशीएवढा पिवळट डाग, मग रंगाचे पोपडे आणि गणपतीच्या दोन दिवस आधी प्लास्टरचा एक तुकडा थेट बादलीत. बाबांनी तीन जणांकडून कोटेशन घेतलं. पहिल्याने सांगितले ९,५०० रुपये, दुसऱ्याने ३२,००० आणि तिसऱ्याने ९०,०००.

डाग तोच, बाथरूम तेच. मग आकड्यांत दहापट फरक कसा?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. अमेरिकेत पाण्याने खराब झालेलं घर सुकवून, दुरुस्त करून देणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांचं बिल बहुतेकदा विमा कंपनीकडे जातं. आपल्याकडे असतो एक मिस्त्री, एक प्लंबर, 'बघू पुढच्या मीटिंगमध्ये' म्हणणारे सेक्रेटरी आणि वरच्या मजल्यावरचे 'आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे' म्हणणारे शेजारी.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा

तिन्ही कोटेशन नीट वाचली तेव्हा लक्षात आलं की दर फारसे वेगळे नव्हतेच. वेगळं होतं ते निदान. पहिल्याला वाटलं वरच्या बाथरूममधल्या टाइल्सचे सांधे उघडे पडलेत, ते इपॉक्सीने भरले की झालं. दुसऱ्याच्या मते दोष नहाणी ट्रॅपच्या जोडात होता, म्हणजे तेवढाच भाग फोडायचा, ट्रॅप बदलायचा आणि खाली आमच्या छताचं प्लास्टर नव्याने करायचं. तिसरा म्हणाला, वरचं अख्खं बाथरूम स्लॅबपर्यंत फोडा, नव्याने वॉटरप्रूफिंग करा, नव्या टाइल्स लावा.

कोण बरोबर, हे कळायला फार खर्च लागत नाही. लागतो तो धीर.

ओल फक्त पावसात वाढते आणि ऑक्टोबरनंतर आपोआप सुकते? मग संशय गच्चीवर, बाहेरच्या भिंतीवरच्या भेगांवर किंवा खिडकीच्या चौकटीवर घ्यायचा. बाराही महिने, दिवसरात्र थेंब पडतोय? मग नळाला पाणी पुरवणारी, दाबाखालची पाइपलाइन तपासायची. आणि वरचे लोक आंघोळ करून गेल्यावर तासाभराने थेंब वाढत असेल, तर गडबड सांडपाण्याच्या पाइपमध्ये, ट्रॅपमध्ये किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असते.

खात्री करायची जुनी रीत म्हणजे नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवणं. पाण्यात थोडा रंग टाकला तर पाझर खाली नेमका कुठे उतरतो तेही दिसतं. जुन्या इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. पाणी त्या कोब्यात स्पंजासारखं मुरतं आणि भलतीकडेच बाहेर पडतं. त्यामुळे डाग जिथे, तिथेच गळती, असं समजून फोडाफोडी सुरू केली की पैसे वाया जातात.

आमच्याकडे दोष निघाला ट्रॅपच्या जोडात. म्हणजे मधलं कोटेशन बरोबर होतं. सगळ्यात स्वस्त घेतलं असतं तर ९,५०० पाण्यात गेले असते (हो, शब्दशः).

बाजारातला साधारण अंदाज

इथले आकडे ठोकळमानाने घ्या. मटेरियलचा ब्रँड, मजला, सामान वर न्यायला लिफ्ट आहे की नाही, यावर ते हलतात.

आतल्या भिंतीचं खराब झालेलं प्लास्टर काढून नवं करायला साधारण ६० ते १०० रुपये चौरस फूट, वर पुट्टी आणि रंग २० ते ३५ रुपये. बाथरूम पूर्ण फोडून नवं करायचं तर ६० हजारांपासून सुरुवात धरा. चांगल्या टाइल्स आणि नळ घेतले की लाख कधी ओलांडला ते कळतही नाही. गच्चीवर नुसतं कोटिंग मारायचं तर ४० ते १२० रुपये चौरस फूट, आणि जुना कोबा काढून नवा घालायचा तर १२० ते २०० रुपये. जीएसटी नोंदणी असलेला कंत्राटदार यावर १८ टक्के कर लावेल. कोटेशनमध्ये बारीक अक्षरात 'कर वेगळा' असं लिहिलंय का ते बघा. राडारोडा उचलून नेण्याचे पैसे धरलेत का, हेही आधीच विचारा. हे दोन आकडे हमखास शेवटच्या दिवशी उगवतात.

आणि वेळ. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोरड्या पृष्ठभागावरच टिकतं, म्हणजे दिवाळी ते मे हा खरा हंगाम. बहुतेक सोसायट्या जागी होतात एप्रिलच्या शेवटी, तेव्हा कारागीर मिळत नाहीत आणि दर चढलेले असतात. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. 'जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकू' म्हणणाऱ्यांच्या गच्च्या उघड्याच राहिल्या. भर पावसात जे होतं ती दुरुस्ती नसते, ताडपत्री असते.

बिल कुणाचं?

इथे खरी भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेजची गळती, गच्ची आणि तिचा कठडा, तसंच गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घरात खराब झालेलं छत आणि त्याचं प्लास्टर, हे सगळं सोसायटीच्या खर्चात येतं. 'तुम्ही टॉप फ्लोअर घेतलात, तुमचं तुम्ही बघा' हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. त्याला उपविधीत आधार नाही.

उलट, एखाद्या सदनिकेतल्या संडास, बाथरूम किंवा सिंकमधून होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरचे दार उघडत नसतील तर सोसायटीकडे लेखी तक्रार करा. पूर्वसूचना देऊन सदनिकेत जाऊन पाहणी करण्याचा अधिकार समितीला आहे. सभासदाने दुरुस्ती केलीच नाही, तर सोसायटी ती करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते.

आमच्या वरच्या काकूंनी ट्रॅपचा खर्च दिला, आमच्या छताच्या प्लास्टरचे पैसे मात्र बाबांनीच भरले. न्याय्य होतं का? माझ्या मते नाही. पण आई म्हणाली, पाच हजारांसाठी वीस वर्षांचा शेजार घालवायचा नाही. मधले तीन आठवडे दोन्ही घरांतला चहा बंद होता तो होताच.

सोसायटीच दाद देत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग हा एक मार्ग आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही. तारखेसह फोटो, लेखी अर्जांच्या पोच आणि प्लंबरचा लेखी अभिप्राय जपून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वादापेक्षा सेक्रेटरीच्या सहीची एक पोच जास्त कामाची असते.

सोसायटीकडे पैसेच का नसतात?

समजा २४ सदनिकांची इमारत आहे आणि ४,००० चौरस फुटांची गच्ची. १५० रुपये दराने झाले ६ लाख, वर १ लाख ८ हजार जीएसटी. प्रत्येक घरामागे २९,५०० रुपये. एवढी रक्कम एकदम मागितली की सभेत आरडाओरडा ठरलेला.

खरं तर यासाठीच दरमहा पैसे जमा होत असतात. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का असायला हवा. गोम आहे 'बांधकाम खर्च' या शब्दात. तो इमारत बांधली तेव्हाचा धरला जातो. १९९५ च्या आसपास डोंबिवलीत एका सदनिकेचा बांधकाम खर्च २ लाख धरला असेल, तर वर्षाला जमा होतात १,५०० आणि ५०० रुपये. मजुरी आजची, वर्गणी तीस वर्षांपूर्वीच्या हिशोबाची. म्हणजे जितकी इमारत जुनी, जितकी गळती जास्त, तितका निधी तोकडा.

यावर उपाय उपविधीतच आहे. दिलेले टक्के किमान आहेत, सर्वसाधारण सभा ते वाढवू शकते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणजे गळती डोळ्यांसमोर ताजी असतानाच. तरीही सभेत पार्किंगवर दीड तास जातो आणि गच्चीवर पाच मिनिटं, हा माझा अनुभव.

बिल्डर आणि विमा

घर नवं असेल तर खिशात हात घालण्याआधी ताबा मिळाल्याची तारीख बघा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे नव्या संकुलातल्या लोकांनी चौथ्या पावसाळ्यात सगळ्या घरांची ओल एकत्र नोंदवून लेखी द्यावी. मात्र कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदपत्रांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या ज्या ६५ इमारतींवर उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामाचा आदेश दिला, तिथल्या कुटुंबांना ओलीची तक्रार करायची चैनही उरलेली नाही.

विम्याबद्दल मोठा गैरसमज आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं तिच्यात येतं, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळतं. पण हळूहळू मुरणारी ओल आणि झीज तिच्यात येत नाही. उल्हास किंवा वालधुनी नदीच्या आसपास तळमजल्यावर राहत असाल, तर २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ आठवून ही पॉलिसी घेण्यासारखी आहे. सरकारी मदतीवर घर उभं राहत नाही. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांत, दोन दिवसांहून जास्त काळ घर पाण्याखाली राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आहेत. राज्य सरकार कधी वाढीव देतं, पण फुगलेलं प्लायवूडचं कपाट आणि बंद पडलेला फ्रिज त्यात बसत नाही.

डाग कधी धोक्याचा?

छतावर सळीच्या रेषेत सरळ भेग दिसली, तांबूस पाणी उतरलं, किंवा प्लास्टर पडून गंजलेली सळी उघडी पडली, तर मिस्त्रीला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंज चढला की सळी फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. त्यावर पुट्टी मारणं म्हणजे पुढच्या वर्षीचं बिल वाढवणं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं.

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला. त्या वेळी चौथ्या मजल्यावरच्या घरात फरशीचं काम सुरू होतं. गळती थांबवायची म्हणून जुन्या फरशीवरच नवा कोबा आणि नव्या टाइल्स चढवणारे आपल्या आसपास कितीतरी आहेत, कारण फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पण प्रत्येक थराचं वजन जुन्या स्लॅबवर येतं. तिसऱ्या कंत्राटदाराला आम्ही विचारलं होतं, 'फोडायचं नसेल तर?' तो म्हणाला, 'वरून टाइल मारू, वीस हजार कमी होतील.'

आमच्या छताचं प्लास्टर झालं, रंग मात्र अजून बाकी आहे. भिंत आतून सुकायला काही आठवडे लागतात आणि घाईने रंगवली की पोपडे पुन्हा येतात, असं मिस्त्रीचं म्हणणं. त्याने दिलेली तारीख दिवाळीनंतरची होती.