अर्धवट हात

"अर्धवटच सोडलंय की रे!" लंडनच्या नॅशनल गॅलरीत माझ्या मित्रानं दहा सेकंदांत निकाल दिला, फोटो काढला आणि पुढच्या दालनाकडे सुटला. मी म्हटलं, "अरे, १९६२ साली लोकवर्गणी आणि सरकारी मदत मिळून आठ लाख पौंडांना घेतलंय हे." गडी लगेच परत आला! म्हणजे डोळ्यांनी थांबला नाही, आकड्यानं थांबला. माझं भांडण आहे ते याच्याशी.

चित्र लिओनार्दो दा विंचीचं, साधारण १५००च्या सुमाराचं. कागदाचे आठ ताव चिकटवलेले, उंची १४१ सेंटीमीटर, साहित्य म्हणाल तर कोळसा आणि पांढरा खडू. बस्स. मेरी तिच्या आईच्या, संत अ‍ॅनच्या मांडीवर टेकलीय आणि बाळ येशू तिच्या हातांतून पुढे झेपावून छोट्या जॉनला आशीर्वाद देतोय. याला 'कार्टून' म्हणतात. मिकी माऊसवालं नव्हे, रंगवण्याआधीचं पूर्ण मापाचं रेखाटन. ते फळ्यावर उतरवायचं तर रेषांवर टाचणीनं भोकं पाडून कोळशाची पूड मारत, आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखी. इथे एकही भोक नाही.

आता जरा थांबून बघा. दोन्ही चेहऱ्यांवर सावली धुरासारखी पसरलीय, रेष कुठे संपते तेच कळत नाही. कुठला गुडघा कोणाचा हे लावता लावता माझी पाच मिनिटं गेली. आणि आकाशाकडे बोट दाखवणारा अ‍ॅनचा हात? नुसती बाह्यरेषा. सगळ्या चित्राचा अर्थ ज्या बोटात, तेच कोरं!

कोणी म्हणेल, वेळ मिळाला नसेल त्याला. असेलही. पण त्यामुळेच एकाच कागदावर पहिली रेष आणि शेवटची सावली शेजारी शेजारी दिसतात. माणूस कसा विचार करतो ते दिसतं. पूर्ण झालेल्या चित्रात हे सगळं रंगाखाली गाडलं जातं.

आपण कोड रिव्ह्यूत एका ओळीवर अर्धा तास भांडतो. चित्राला मात्र दहा सेकंद, तीही मोबाईलमधून! 'अर्धवट' हा शब्द चित्राला नाही, आपल्या बघण्याला लागू आहे.

असो. तिथे प्रवेश फुकट आहे. गेलात तर फोटो काढा, पण शेवटी.