विल्यम वेडरबर्न आणि दख्खनची रयत

सर विल्यम वेडरबर्न यांचा जन्म 25 मार्च 1838 रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होते. लोरेटो शाळा व एडिंबरा विद्यापीठ येथे शिकून, स्पर्धा परीक्षा देऊन विल्यम 1860 मध्ये त्याच सेवेत रुजू झाले. तीनच वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ जॉन 1857 च्या उठावात हिसार येथे मारले गेले होते. मनात सूड धरायला एवढे कारण पुरेसे होते. पण वेडरबर्न यांच्या नोकरीच्या काळात त्याचा मागमूसही दिसत नाही.

त्यांच्यावर पहिला आक्षेप असा, की हिंदुस्थानचा कळवळा त्यांना पेन्शनीत निघाल्यावर आला. हा आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि दंग्याचे लोण नगर जिल्ह्यात पसरले. सरकारने 1879 मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. त्याआधीच, नोकरीत असताना, वेडरबर्न यांनी गावच्या पंचायतींकडे कर्जाचे तंटे सोपवावेत असे प्रतिपादन केले होते. रोख पैशात ठरलेला सारा, अपुरा पाऊस आणि सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देणारे दिवाणी कोर्ट, या तिहेरी कात्रीत रयत सापडली आहे, हे न्यायखात्यात वावरलेल्या या माणसाने नेमके ओळखले होते.

पुण्यात जिल्हा न्यायाधीश असताना 1882 च्या सुमारास त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने शेतकी बँकेची योजना मांडली. प्रयोगासाठी पुरंदर तालुका निवडला होता. जुने कर्ज तडजोडीने फेडायचे, नवे कर्ज माफक व्याजाने द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली, पण लंडनमधील भारतमंत्र्यांनी नाकारली. या नकाराची किंमत दख्खनपुरती राहिली नाही. उदाहरणार्थ, भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, तिथे मालगुजारी चालत असे आणि 1879 चा कायदा तिथे लागूच नव्हता. रयतवारीतला कुणबी काय किंवा मालगुजारीतले कूळ काय, स्वस्त कर्जाची गरज दोघांनाही होती. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो थेट 1904 मध्ये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांचा संताप वाफेसारखा निघून जावा म्हणून काँग्रेस ही सुरक्षा-झडप बसवली गेली आणि वेडरबर्न हे ती बसवणाऱ्यांपैकी एक, असे लाला लजपतराय यांच्यापासून रजनी पाम दत्त यांच्यापर्यंत अनेकांच्या लिखाणातून पसरले. आधार म्हणून वेडरबर्न यांनीच 1913 मध्ये लिहिलेले काँग्रेसचे संस्थापक ह्यूम यांचे चरित्र दाखवले जाते. ह्यूम यांनी गुप्त अहवालांचे सात खंड पाहिल्याचे त्यात नमूद आहे, परंतु ते खंड कोणत्याही सरकारी दप्तरात सापडलेले नाहीत. शिवाय झडप सरकारची असती, तर 30 नोव्हेंबर 1888 रोजी कलकत्त्यात, स्कॉटिश लोकांच्याच सेंट अँड्र्यूज मेजवानीत, व्हाइसरॉय डफरिन यांनी काँग्रेसवाल्यांना नगण्य अल्पसंख्य म्हणून हिणवले नसते. झडपेने वाफ जाते, खालची आग तशीच राहते. वेडरबर्न यांचे उपाय आगीवरच होते: सारा, कर्ज, कोर्ट.

ते साम्राज्यनिष्ठ होते आणि संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी त्यांनी कधी केली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण निष्ठा आणि लबाडी एक नव्हेत. मुंबई सरकारचे प्रभारी मुख्य सचिव असताना 1887 मध्ये ते निवृत्त झाले. 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि लंडनमधील काँग्रेसच्या ब्रिटिश समितीसाठी पदरचा पैसा ओतत राहिले. 1892 मध्ये उत्तर एअरशरमधून पडलेले वेडरबर्न पुढच्या वर्षी बॅन्फशरमधून लिबरल पक्षातर्फे कॉमन्स सभेत निवडून आले. ज्या मतदारांना पुरंदर कुठे आहे हेही ठाऊक नव्हते, त्यांच्या प्रतिनिधीने पार्लमेंटात हिंदी प्रश्नांसाठी समिती उभी केली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर 1895 मध्ये दादाभाई नौरोजी यांच्यासह त्यांची नेमणूक झाली. 1900 मध्ये आयोगाच्या बहुमताशी असहमत होऊन दादाभाई, केन आणि वेडरबर्न या तीन सदस्यांनी वेगळा अहवाल सादर केला, आणि त्याच वर्षी वेडरबर्न यांची खासदारकी संपली.