जखमी शिपायाचें देणें

वसईच्या विजयाचा विषय निघाला कीं आमच्या या मीरा-भाईंदरांत वक्त्यांच्या वाणीस भरतें येतें. घोडबंदर व धारावी हीं ठाणीं आमच्याच हद्दींतलीं. तेव्हां अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु १७३९ च्या मे महिन्यांत वसई हातीं आल्यावर जे हातपाय गमावून घरीं परतले, त्यांचें पुढें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. या वेढ्यांत मराठ्यांचे ५,००० वर लोक ठार व जखमी झाल्याचें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. पडले त्यांस स्वर्ग मिळाला असें म्हणून आपण मोकळे होतों. पांगळे झाले त्यांस कोणता लोक मिळाला?

या प्रश्नास दोन ठरीव उत्तरें मिळतात. पहिलें आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांचें: शिपायाच्या पडत्या काळाची काळजी ही पाश्चात्त्यांची देणगी होय. इंग्लंडांत १५९३ सालीं कायदा होऊन लुळ्यापांगळ्या शिपायांसाठीं प्रत्येक पॅरिशवर कर बसला, हें खरें. पण त्याच एलिझाबेथ राणीच्या राज्यांत, पुढें थोड्याच वर्षांत, परवान्यावांचून भटकणाऱ्या शिपायास देहान्त शिक्षा सांगणारा कायदाही झाला, हें सांगावयास हे गृहस्थ विसरतात. चौदाव्या लुईनें पॅरिसचें इन्व्हालीद स्थापिलें तें १६७० सालीं. चेल्सीचा आश्रम १६८२ चा. त्याआधीं, १६५९ त अफझलखानाचा मोड झाल्यावर, शिवाजीमहाराजांनीं काय केलें तें सभासदानें लिहून ठेविलें आहे: पडलेल्यांच्या मुलांचें चालविलें, पुत्र नव्हता तेथें विधवेस निम्में वेतन दिलें, आणि जखमींस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. तेव्हां ही बुद्धि आम्हांस परक्यांनीं शिकविली, हें म्हणणें अज्ञानाचें आहे.

दुसरें उत्तर स्वाभिमान्यांचें, आणि आमच्या मतें तें अधिक घातक आहे. आमच्याकडे बालपरवेशी होती, एकत्र कुटुंब होतें, गांव होता. मग उणें काय होतें? उणें हेंच कीं, बालपरवेशी मेलेल्याच्या वारसांसाठीं होती. जिवंत राहून निकामी झालेल्याची गोष्ट निराळी. जखमेचे होन एकदांच मिळावयाचे. ज्याची दृष्टि गेली, त्यास ते किती वर्षें पुरणार? आणि ज्यास जखम नाहीं, पण उभा जन्म स्वारीशिकारींत जाऊन ज्याची कंबर मोडली, त्यास धन्याची मर्जी असेल तर इनाम, नाहीं तर घरचा कोपरा. १८१८ त धनीच गेला, हजारों शिलेदार-शिपाई बेकार झाले, तेव्हां मर्जीवर उभारलेल्या सोयीचें मोल उघड झालें. राहिलें कुटुंब. कुटुंब पोसतें म्हणजे कोण पोसतें? त्याची बायको आणि सून, स्वतः अर्धपोटीं राहून! राज्याचें ऋण दोन बायकांच्या माथीं मारावयाचें आणि त्यास संस्कृति म्हणावयाचें, हें आम्हांस साधत नाहीं.

हा वाद जुन्या दप्तरांपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आज निवृत्तिवेतन आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें आहेत; पण २०२२ च्या अग्निपथ योजनेनें चार वर्षांची चाकरी ठरविली. त्या भरतींतला फार तर चौथा हिस्सा कायम व्हावयाचा. बाकीच्यांस एकरकमी पैसे, निवृत्तिवेतन नाहीं. चाकरींत अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणांत भरपाई आहे, हें आम्ही जाणतों. पण हीच ती जखम पाहून होन मोजण्याची रीत! साडेतीन शतकांनंतर आम्ही महाराजांच्या व्यवस्थेंतला अपुरा भाग तेवढा उचलला, आणि निम्म्या वेतनाचें, म्हणजे पुढें चालविण्याचें, तत्त्व सोडून दिलें. तिजोरीवर भार पडतो, असें सांगतात. पडतो खरा. तोफ थंडावल्यानें युद्धाचा खर्च संपत नाहीं, हें ध्यानीं घेऊनच राज्यानें तोफ डागावी.

घोडबंदरच्या तटाची डागडुजी करा, आमची ना नाहीं. परंतु शिपायाचें म्हातारपण हें दानाचें खातें नव्हे, देण्याचें खातें आहे. आणि देणें थकवून विजयोत्सव करणाऱ्यास आमच्या व्यवहारांत निराळेंच नांव आहे.